कोकणात जागा: भाव वाढणारं गाव ओळखायचं कसं?

प्रश्न असा आहे: ठाण्यात नोकरी, मूळ गाव राजापूर तालुक्यात, हाताशी साधारण ४० लाख रुपये. कोकणात जागा घेऊन ठेवायची आणि दहा वर्षांनी, मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकायची. अलिबाग, गुहागर, मालवण की दोडामार्ग? एजंट सगळीकडेच ‘दुप्पट होणार’ म्हणतात. मग परिसराचा अभ्यास स्वतः करायचा तर कसा?

जमिनीचं मूल्यांकन हे माझं रोजचं काम. बँकेच्या कर्जासाठी, घरच्या वाटण्यांसाठी, कोर्टातल्या दाव्यांसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जागा बघतो. कोकणात भाव वाढणं वेगळं आणि जागा विकली जाणं वेगळं. ‘गुंठ्याला चार लाख चाललाय’ असं टपरीवर ऐकू येतं, पण त्या भावाने पैसे मोजणारा माणूस गावात वर्षभरात फिरकलेला नसतो. म्हणून कुठलाही परिसर बघताना मी आधी एवढंच विचारतो, की दहा वर्षांनी ही जागा तुमच्याकडून घेणार कोण?

कोकणातलं गिऱ्हाईक ढोबळमानाने चार प्रकारचं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे स्थानिक नोकरदार आणि व्यापारी. कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी इथले शिक्षक, बँकवाले, डॉक्टर, दुकानदार, आणि मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून शहरालगत येणारी कुटुंबं. ते दोन-तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट कर्ज काढून घेतात आणि लगेच घर बांधतात. या मागणीत मोठी उसळी येत नाही, पण ती आटतही नाही. दुसरं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, सुट्टीच्या घरासाठी येणारं. ते किलोमीटर बघत नाही, तास मोजतं. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबागचा प्रवास खरोखर आटोपशीर झाला. तिसरं पर्यटन व्यवसायाचं: तारकर्ली, मालवण, वेंगुर्ले, गणपतीपुळे. त्यांना किनारा हवा असतो आणि बांधकामाची परवानगीही, आणि या दोन्ही गोष्टी एका जागेत क्वचितच मिळतात. चौथं गिऱ्हाईक बातमी ऐकून येतं. सगळ्यात चढा भाव तेच देतं आणि सगळ्यात आधी नाहीसंही तेच होतं.

ज्या गावात फक्त हे चौथं गिऱ्हाईक फिरतंय, तिथे पैसे घालू नका. नाणारचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. रिफायनरीसाठीची अधिसूचना २०१७ साली निघाली, २०१९ साली रद्द झाली, मग प्रकल्प बारसू-सोलगावकडे वळला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं. तुम्ही राजापूरचे, त्यामुळे बाहेरच्या माणसांनी त्या काळात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कशी जमीन गोळा केली ते घरच्यांकडून ऐकलं असेलच. ज्याने शेवटी चढ्या भावाने घेतली, त्याला आज गिऱ्हाईक कुठून मिळणार? आणि ज्या शेतकऱ्याने आधी कवडीमोलाने विकली त्याचं दुःख तर वेगळंच. ही तळमळ मी जवळून पाहिली आहे. प्रकल्पाच्या अफवेवर जमीन घेऊ नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो.

घोषणा आणि काम यांत फरक करायची सवय लावून घ्या. रस्त्याच्या बाबतीत पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी भाषणात घोषणा, मग प्रकल्प अहवाल, मग भूसंपादनाची अधिसूचना, मग मोबदल्याचा निवाडा, मग कार्यादेश आणि शेवटी काम. राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३अ आणि ३ड खालच्या अधिसूचना गावनिहाय सर्व्हे नंबरांसकट राजपत्रात छापून येतात, ३अ ची वर्तमानपत्रातही. तिथपर्यंत गाडी आली नसेल तर त्या रस्त्यासाठी एक पैसाही जास्त मोजू नका. मोबदला वाटून झाल्यावर घेतलं तरी वाढीचा बराचसा भाग तुमच्या वाट्याला येतो आणि धोका खूपच उतरतो. तरीही धीर हवाच. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं, त्यानंतर किती गणपती खड्ड्यांतून गेले ते चाकरमान्यांना विचारा. बाणकोट खाडीवरचा पूल कित्येक वर्षं अर्धवट राहिला. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ साली झालं, पण पूर्ण क्षमतेचं टर्मिनस गावकऱ्यांना अजून मागावं लागतंय. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण विमानफेऱ्यांत सातत्य राहिलं नाही. उलट पलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून नियमित चालू आहे, आणि त्याचा फायदा बांदा-सावंतवाडीला होतो. नकाशात जिल्ह्याचं नाव बघू नका, रोज काय चालतंय ते बघा.

द्रुतगती मार्गाबद्दल एक सांगतो. प्रवेश-नियंत्रित रस्ता ज्या गावातून जातो, त्या गावाला आपोआप काही मिळत नाही. जिथे वर चढायला-उतरायला इंटरचेंज असेल तिथे बाजार वाढतो. मधल्या गावांची शेती दुभंगते, गुरांच्या वाटा तुटतात आणि पलीकडच्या वाडीला जायला वळसा पडतो. त्यामुळे ‘प्रस्तावित महामार्गापासून फक्त दोन किलोमीटर’ ही जाहिरात इंटरचेंजचं ठिकाण कळेपर्यंत निरर्थक आहे.

आता खरा अभ्यास. तो घरी बसून करता येतो आणि जवळजवळ कोणीच करत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ची मोफत सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २ दिसते. तीत दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, सर्व्हे आणि हिस्सा नंबर, क्षेत्र, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख असं सगळं असतं. गावाचा नकाशा समोर ठेवा, तुम्हाला हव्या त्या वाडीच्या आजूबाजूचे नंबर घ्या आणि आठ-दहा वर्षांचे खरेदीखताचे दस्त एका वहीत उतरवा. वेळ लागतो, संकेतस्थळ मध्येच अडतं, पण लावलेला वेळ वसूल होतो.

वहीत मोबदल्याचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो, कारण कित्येक दस्तांत तो सरकारी बाजारभावाला चिकटूनच लिहिलेला असतो. आधी बघायचं ते दस्तांची संख्या वर्षागणिक वाढतेय का. मग घेणाऱ्यांचे पत्ते. दोन-तीनच नावं परत परत येत असतील तर कोणीतरी जमीन गोळा करतंय, आणि पुढचा भाव त्यांच्या मर्जीवर आहे. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरी विक्री. गावकऱ्याने बाहेरच्याला विकलं ही पहिली विक्री, ती तर सगळ्याच गावांत दिसते. त्या बाहेरच्याने पुढे तिसऱ्याला विकलं का, किती वर्षांनी, आणि त्या तिसऱ्याने तिथे घर बांधलं का? अशा विक्री दिसल्या तर त्या गावात बाहेर पडायची वाट आहे. सगळे दस्त गावकऱ्याकडून बाहेरच्याकडेच जात असतील आणि पुढे एकही हललेला नसेल, तर तिथे सगळे आत शिरलेत आणि बाहेर कोणी पडलेलं नाही. दाराशी कितीही गर्दी असली तरी अशा गावात माझा पैसा मी घालणार नाही.

‘दुप्पट’ या शब्दाचाही हिशोब मांडून बघा. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सव्वासात टक्क्यांच्या आत. धरा, ४० लाखांची जागा. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी, गडगा किंवा तारेचं कुंपण मिळून चार लाख. राखणदार, साफसफाई, येणंजाणं वर्षाला पन्नास हजार. दहा वर्षांनी ८० लाखांना विकली तर हातात वर्षाला साधारण सव्वापाच टक्के पडतात. म्हणजे मुदतठेवीच्या आसपासच, तेही गिऱ्हाईक वेळेवर मिळालं तर. एक बाजू जमेची आहे. नगरपालिका हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची (लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किमी) ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे ती विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. बिनशेती प्लॉट आता घेतला आणि दोन वर्षांहून जास्त ठेवून विकला, तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि महागाई निर्देशांकाची सवलत नाही.

सातबारा जागेसाठी बघतात, मी तो गावासाठीही बघतो. त्या वाडीतले आठ-दहा सातबारे काढा, गावाचा स्वभाव कळतो. नमुना म्हणून एक सांगतो, असे सातबारे माझ्यासमोर कायम येतात. क्षेत्र ३८ गुंठे, त्यातला पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) ६ गुंठे. भोगवटादार सदरी एकोणीस नावं, निम्मी मुंबईत, त्यातली काही मयत आणि वारस नोंद झालेलीच नाही. क्षेत्र सामाईक. इतर हक्कात एका कुळाचं नाव आणि खाली ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’. एजंट म्हणतो, ‘सह्या आणून देतो.’ आणेलही कदाचित, पण दहा वर्षांनी तुमच्या गिऱ्हाइकाचा वकील हेच सगळे फेरफार परत उकरणार. कलम ४३ ची जमीन, म्हणजे कुळाला कायद्याने मिळालेली. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून ती विकायची वाट मोकळी झाली आहे. पण ती रक्कम भरलेली आहे का आणि तशी नोंद झाली का, हे कागदावर दिसलं पाहिजे. ज्या वाडीत जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप होऊन प्रत्येकाचा हिस्सा नकाशात वेगळा पडलाय, तिथल्या जमिनी पटापट फिरतात आणि भावही चांगला घेतात. दोन शेजारच्या वाड्यांत निव्वळ या कारणाने मोठा फरक पडलेला मी मूल्यांकनात दाखवतो.

काही तालुक्यांत कागदाचं दुखणं आख्ख्या परिसराला असतं. सिंधुदुर्गात कितीतरी जमिनींना ‘वनसंज्ञा’, म्हणजे सरकारी नोंदीत वन असल्याचा शेरा, लागलेली आहे. रत्नागिरी-रायगडात खाजगी वनाच्या नोंदी आणि वन कायद्याच्या कलम ३५ च्या जुन्या नोटिसा निघतात. आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार गावकार (गावाने सामाईक धरलेल्या) जमिनींचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. देवस्थान इनाम जमिनीच्या वाटेला तर जाऊच नका. यांतलं काहीही असेल तर शेजारचा स्वच्छ सातबाराही तितक्या भावाने विकला जात नाही, कारण गिऱ्हाईक आख्ख्या गावालाच बिचकतं.

मग किनारा. समुद्र दिसणारी जागा सगळ्यांनाच हवी असते. २०११ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामाला जवळजवळ बंदी आहे. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ती ५० मीटर केली, पण दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक, आणि कोकणातली फार थोडी गावं त्यात बसतात. शिवाय नवी अधिसूचना त्या जिल्ह्याचा किनारा आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते. खाडीकाठालाही हे नियम आहेत, हे लोक विसरतात. खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला, लागून असलेली हिरवीगार जागा बघून हुरळून जाऊ नका, आधी मंजूर आराखड्यावर तो सर्व्हे नंबर लावून घ्या. किल्ल्यांच्या जवळही तसंच. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकाम बंद आणि पुढचे २०० मीटर परवानगीचे. सड्यावर कातळशिल्पं असतील तर तीही आपली ठेव आहे, तिच्यावर जेसीबी फिरवून कुणाचंच भलं होणार नाही.

जागेवर मे महिन्यात या आणि परत जुलैत या. डिसेंबरात कोकण सगळ्यांनाच आवडतं. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि एप्रिल-मे मध्ये कितीतरी वाड्यांत टँकर येतो. शेजारच्या विहिरीवर जा, तळाला किती पाणी आहे ते वाकून बघा, आणि पाणी भरायला आलेल्या बाईला विचारा की पाडव्याला किती असतं. बोअर मारून बघू, असं ऐकलं तर त्या परिसरात दहा वर्षांनीही वस्ती वाढणार नाही असं धरा. किनाऱ्याजवळ पाण्याची चव घेऊन बघा. पावसाळ्यात रस्ता, वीज आणि डोंगर बघायचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडातल्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या केल्या. चिपळूणला प्लॉट घ्यायचा तर पूररेषेचा नकाशा आधी, किंमत नंतर.

तुमच्या चार नावांबद्दल माझं स्पष्ट मत. अलिबागला वाढ आहे, पण ती भावात आधीच आलेली आहे. ४० लाखांत तिथे जे मिळेल ते बहुधा कागदाने किंवा सीआरझेडने अडलेलं असेल. गुहागर सुंदर आहे, पण दुसऱ्या विक्रीची वही तिथे फार जपून वाचा. त्यापेक्षा दापोली मला बरी वाटते, कारण कृषी विद्यापीठामुळे तिथे बारा महिने राहणारी माणसं आहेत. मालवणात किनाऱ्यापासून आत, रस्त्याला लागून असलेली छोटी जागा व्यवसायासाठी चालते. नुसती घेऊन ठेवायला मी सांगणार नाही. दोडामार्गात सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव भ्रमणमार्ग आहे, तिथे २०१३ पासून उच्च न्यायालयाची वृक्षतोडीला बंदी आहे आणि पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा विषयही आहे. ते जंगल राहिलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच दहा वर्षांत विकायच्या हिशोबाने तिथे जाऊ नये.

मी असतो तर कुडाळ ते ओरोसचा पट्टा, बांद्यापर्यंतची सावंतवाडी आणि रत्नागिरी शहरालगतची गावं यांत शोधलं असतं. ओरोसला जिल्ह्याचं मुख्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, महामार्ग आणि रेल्वे जवळ आहे. गावठाणाच्या २०० मीटरच्या आत जागा मिळाली तर बिनशेतीची वाट सोपी होते, आणि छोटा प्लॉट घेणारं स्थानिक गिऱ्हाईक तिथे कायम असतं. ‘सातबारावर पाच गुंठ्यांचं नाव लावून देतो’ या योजनांना अजिबात हात लावू नका. प्लॉटिंगचं क्षेत्र ५०० चौरस मीटरहून मोठं असेल आणि आठाहून जास्त प्लॉट असतील तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक मागा. तुकडेबंदीचे, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडायला असलेल्या बंदीचे, नियम अलीकडे बदलत आहेत, त्यामुळे किमान क्षेत्राचं त्या आठवड्यातलं उत्तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातूनच घ्या.

जागा घेतल्यावर गडगा घालताना जुन्या पाखाडीची, देवळाकडे किंवा विहिरीवर जाणारी वहिवाटीची वाट बंद करू नका. हक्काने तुमची असली तरी नको. गाव दुरावलं की राखणदार मिळत नाही, आणि तुमचं गिऱ्हाईक चौकशीला आलं की पहिलं उत्तर गावच देतं.

आता तुमच्यापुरतं. शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. राजापूरच्या जमिनीवर वडिलांच्या नावाची नोंद आहे का, आजोबांच्या पश्चात वारस तपास झाला का, हे आधी बघा. येत्या गणपतीला सगळी भावकी गावात असेल. चुलत्यांना, आत्यांना एकत्र बसवा, कलम ८५ च्या वाटपाला सगळ्यांची संमती घ्या आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. खर्च चाळीस लाखांच्या मानाने किरकोळ आहे, आणि हिस्सा स्वतंत्र पडला की त्या जमिनीची किंमत त्याच दिवशी वाढते. तोवर कुडाळ आणि रत्नागिरीकडची दोन-तीन गावं निवडून सूची दोनची वही भरायला घ्या. मे महिन्यात विहिरी बघून आलात की वही आणि सातबारे घेऊन बसू, मग भावाचं बोलू.